राखेची झिलई

मिठाच्या झिलईची जुनी तपकिरी बरणी हातात घेऊन तिच्या पोटावरून बोट फिरवले, तर संत्र्याच्या सालीवरून फिरवल्यासारखे वाटते. बारीक बारीक खळगे असतात, पण टोचत काही नाही. प्रत्येक खळग्याची कड वितळून गोल झालेली असते. एका बाजूचा रंग गडद, जळू लागलेल्या गुळासारखा. दुसऱ्या बाजूला तोच रंग उतरत उतरत मधासारखा झालेला. बुडाशी एक अरुंद कडे कोरडे राहिलेले, तिथे भाजलेली माती उघडी दिसते. मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात किंवा टागोर नगरात जुनी इमारत पाडायची ठरते, घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात, आणि अशी एखादी बरणी वर्तमानपत्रांच्या बोळ्यांतून खाली उतरते. झाकण काढून नाक आत घातले तरी लोणच्याचा वास येत नाही. कित्येक उन्हाळे मोहरी, हिंग, मीठ आणि तेल पोटात सांभाळूनही तिने त्यातले काही स्वतःत मुरू दिलेले नसते.

माठाचे नेमके उलटे. माठ पाणी पितो, ते पाठीवर घामासारखे आणतो, वारा ते सुकवतो आणि आतले पाणी गार होते. त्याचे सगळे मोल त्याच्या सच्छिद्रपणात आहे. बरणीकडून अपेक्षा वेगळी. आत ठेवले ते आतच राहावे, बाहेरचा दमटपणा आत जाऊ नये, आंबट-खारट पदार्थाने अंग झिजू नये. दोन्ही मातीचीच असली तरी या भांड्यांचे धर्म वेगळे, आणि तो फरक पडतो कडक भाजणीने आणि अंगावरच्या काचेच्या पातळ थराने. त्याला कोणी काचलेप म्हणतात, कोणी झिलई. स्टुडिओत काम करणारे सरळ ग्लेझ म्हणतात. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावणारा कारागीर भात्याने निखारे फुलवतो, नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. काही महिन्यांनी ती कल्हई उडते आणि त्याला पुन्हा हाक मारावी लागते. मातीच्या भांड्याची झिलई एकदाच चढते. ती मातीतच रुजलेली असते, म्हणून भांडे फुटेपर्यंत टिकते.

झिलई म्हणजे काच, पण खिडकीच्या काचेपेक्षा जरा घट्ट स्वभावाची. काचेचा पाया वाळूत, म्हणजे गारगोटीत असतो. शुद्ध गारगोटी वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअसची आग लागते, आणि त्या आगीत मातीचे भांडे टिकणार नाही. म्हणून तिच्या जोडीला तिला वितळवणारे काही द्यावे लागते: चुना, सोडा, पोटॅश, फेल्स्पार. आता हे सगळे भांड्यावरून ओघळून खाली जाऊ नये म्हणून थोडी चिनी माती. तिच्यातले अ‍ॅल्युमिना वितळलेल्या काचेला दाट करते, उभ्या भिंतीला धरून ठेवते. वाळू, तिला वितळवणारा क्षार आणि दोघांना आवरणारी माती, या तिघांच्या मापांवर जगातल्या बहुतेक झिलया उभ्या आहेत. रंगासाठी थोडे लोह, तांबे, कोबाल्ट किंवा मँगनीज.

विक्रोळी कुंभारांचे गाव म्हणून कधी ओळखली गेली नाही. तरीही पश्चिमेच्या टेकडीपासून पूर्वेच्या खाडीपर्यंत चालत गेले, तर झिलईचा सगळा शिधा वाटेत भेटतो. पार्कसाइटच्या मागची टेकडी काळ्या बेसॉल्टची आहे, सह्याद्रीचाच दगड. त्यात गारगोटीचा अंश आहे, चुना आहे, लोह तर भरपूर. बेसॉल्टची वस्त्रगाळ पूड भांड्यावर चढवून १२५० अंशांच्या पुढे नेली, तर ती काळसर तपकिरी काच होऊन बसते. ज्या लाव्हातून हा दगड झाला, त्या लाव्हाची ती जणू दुसरी खेप. रेल्वे ओलांडून, गोदरेजच्या वसाहतीच्या पलीकडे गेले की ठाण्याची खाडी. तिथला गाळ बोटांत धरला तर लोण्यासारखा मऊ लागतो. असा बारीक, लोहयुक्त गाळ स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडी भांड्यांच्या कडक आगीत स्वतःच वितळून झिलई होऊ शकतो. खाडीच्या काठाने कांजूर, भांडुप, मुलुंडपर्यंत मिठागरे, ज्यांच्या आगरावरून आगरी समाजाचे नाव पडले असे सांगतात. मीठ हीही एक झिलईच, फक्त तिला भट्टी मिळायला हवी. उरली राख. ती कुठेही होते.

हे सारे एका उपनगरात सापडते ते विक्रोळी असामान्य आहे म्हणून नव्हे. पृथ्वीचे कवचच मुख्यतः याच द्रव्यांचे आहे. झिलई करणारा माणूस डोंगर झिजून गाळ होण्याची लांबलचक वाट उलटी चालतो, आणि गाळाचा एका रात्रीत पुन्हा दगड करतो.

राखेची झिलई कोणी ठरवून शोधली नाही. चीनमध्ये शांग राजवटीच्या काळात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, भट्ट्यांची आग इतकी वाढली की जळणाबरोबर उडालेली राख भांड्यांच्या खांद्यांवर पडून वितळू लागली. भट्टी उघडणाऱ्याला पावसाचे थेंब साचावेत तशी हिरवट काच दिसली असेल. मग कोणीतरी ती राख आधीच पाण्यात कालवून भांड्याला फासली. पुढे कोरिया आणि जपानमध्ये डोंगरउतारात खणलेल्या लांब भट्ट्या आल्या. जपानच्या बिझेन आणि शिगाराकी परंपरेत आजही अनेक भांड्यांना हाताने झिलई लावत नाहीत. आग आणि राख जे करतील तेच त्यांचे लेणे.

महाराष्ट्राच्या मातीला झिलईची ओळख आधी समुद्रमार्गाने झाली. चौलच्या बंदरात इराणी आखाताकडची मोरपंखी झिलईची खापरे आणि चिनी पोर्सेलीनचे तुकडे उत्खननात सापडले आहेत. इथल्या कुंभाराने मात्र बहुतेक साधी लाल-काळी भांडीच घडवली. आवा रचायचा, गोवऱ्या, काटक्या आणि पेंढा घालायचा, वरून माती-राखेने लिंपायचे आणि सात-आठशे अंशांवर भांडी पक्की करायची, एवढे त्याच्या गिऱ्हाइकाला पुरत होते. तेरच्या गोरोबाकाकांची कथा याच आव्याची आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचे सांगितले. भांडे आतून भाजले की नाही, हे आवाजावरून ओळखायची ती कुंभाराची रोजची रीत. आज भट्टीतून निघालेल्या झिलईच्या वाडग्यालाही कारागीर टिचकी मारूनच पाहतो. खणखणीत वाजला तर पक्का, बदबद वाजला तर कुठेतरी तडा आहे.

मुंबईत झिलईच्या कलात्मक कामाला सुरुवात झाली ती १८५७ मध्ये स्थापन झालेल्या, आज सर ज. जी. कला महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत. १८६५ मध्ये तिथे शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग इंग्लंडच्या स्टॅफर्डशर या कुंभारकामाच्या मुलखात घडलेले होते. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या मुलाचे रडयार्ड हे नाव त्यांनी तिथल्या तळ्यावरून ठेवले. मुंबईच्या याच संस्थेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी वंडरलँड आर्ट पॉटरी उभी केली. सिंधच्या झिलईदार भांड्यांची परंपरा आणि त्याच सुमारास विद्यार्थी अजिंठ्यात उतरवत असलेल्या भित्तिचित्रांतल्या वेली, हंस, कमळे यांची तिथे गाठ पडली. त्या भांड्यांना बॉम्बे पॉटरी म्हणत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहायला मिळतात. काचेच्या कपाटाजवळ वाकून पाहिले तर पिवळ्या आणि हिरव्या झिलईखाली कुंचल्याचा प्रत्येक फटकारा अजून ओला वाटतो.

स्वयंपाकघरातल्या बरणीची वाट मात्र वेगळी. सौराष्ट्रात थानगढला परशुराम गणपुळे या मराठी माणसाने परशुराम पॉटरी वर्क्स हा कारखाना काढला आणि पुढे तो सारा प्रदेश सिरॅमिकसाठी प्रसिद्ध झाला. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या कामातून गावच्या कुंभाराच्या हाती सुधारित चाक, भट्टी आणि झिलईचे तंत्र दिले. विक्रोळीच्या कन्नमवार नगराला ज्यांचे नाव आहे ते मारोतराव कन्नमवार, १९६२ ते १९६३ या काळातले राज्याचे मुख्यमंत्री, याच चंद्रपूर जिल्ह्याचे. बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे. निर्मला पटवर्धन यांनी झिलयांवर आयुष्यभर प्रयोग केले आणि ते इतरांना वापरता यावेत म्हणून कुंभारांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. लाकडाच्या आगीची मोठी शाळा मात्र दक्षिणेत, पुदुच्चेरीत. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत सुरूच्या लाकडावर भट्टी चालवली जाई, आणि भारतातल्या अनेक स्टुडिओ-कुंभारांनी पहिली रात्र तिथेच जागवली.

लाकडाच्या भट्टीची रचना ऐकायला सोपी आहे. जळणाची तोंडे, भांड्यांची खोली आणि धुराडे, बस. आगविटांची कमान रचून खोली बंदिस्त करतात. चांगल्या भट्टीत ज्वाळा सरळ वर पळत नाही. तोंडातून उठते, कमानीला जाऊन थडकते, तिथून वळून भांड्यांमधून खाली येते आणि जमिनीतल्या भोकांवाटे धुराड्यात शिरते. वाट लांबली की उष्णता खोलीला देऊनच आग बाहेर पडते. हे ओढून नेण्याचे काम धुराड्याचे. ते जितके उंच आणि तापलेले, तितका त्याचा ओढा जबर. आगीला रस्ता दाखवण्यासाठी एवढेच साधन कारागिराच्या हाती असते: तोंड किती उघडे, धुराड्याची झडप किती बंद, आणि भांडी कशी मांडली.

भट्टीत जाण्याआधी भांडे एकदा भाजून झालेले असते. पहिल्या भाजणीला नऊशे ते हजार अंश पुरतात. त्याने माती दगडासारखी होते, पण पाणी प्यायची सोय तिच्यात राहते. ती तहान झिलईसाठी लागते. साईच्या दाटपणाच्या झिलईत भांडे बुडवून तीन-चार आकडे मोजून बाहेर काढले की माती पाणी ओढून घेते आणि पिठाचा थर अंगावर बसतो. पाहता पाहता ओली चमक जाते आणि भांडे खडूसारखे निस्तेज होते. या वेळी त्यावरून पुढचे काहीच कळत नाही. काळी होणारी झिलई गुलाबी दिसते, हिरवी होणारी राखाडी. चिमटा लागलेली जागा बोटाने सारवायची, आणि बुडाचे कडे ओल्या स्पंजने नीट पुसून घ्यायचे. ते विसरले तर वितळलेली काच भांड्याला फळीशी कायमची चिकटवून टाकते. झिलईत बुडवलेल्या भांड्याच्या बुडाशी कोरडे राहणारे अरुंद कडे याच पुसण्याची खूण.

भट्टी भरायला अख्खा दिवस जातो. प्रत्येक भांड्याखाली चिनी माती आणि अ‍ॅल्युमिनाच्या तीन छोट्या गोळ्या ठेवतात, म्हणजे उडत्या राखेनेही ते चिकटू नये. दोन भांड्यांत बोटभर अंतर. जागा निवडताना कारागीर आग जशी चालेल तसे मनात चालून पाहतो. तोंडासमोरच्या भांड्यावर राख जास्त पडणार, ते रुंद खांद्यांचे असावे. मागच्या कोपऱ्यात आग थकून येते, तिथे लवकर वितळणारी झिलई. उंच सुरईच्या आडोशाला ठेवलेल्या पेल्यावर तिची सावली उमटेल. भट्टीतली सावली प्रकाशाची नसते, ज्वाळेची असते. शेवटी दार विटांनी बंद करून माती-वाळूने लिंपतात, डोळ्याएवढे भोक ठेवून त्यात एक सैल वीट बसवतात. त्या भोकासमोर आत तीन-चार बारीक शंकू उभे असतात, झिलईसारख्याच द्रव्यांचे. जर्मन रसायनज्ञ हेरमान झेगर यांनी १८८६ मध्ये त्यांची रीत बसवली. ठरलेल्या आगीला ठरलेला शंकू मान टाकतो. तापमापक नुसते अंश सांगतो. शंकू अंशांबरोबर वेळही मोजतो, कारण झिलईला दोन्ही लागतात.

पहिली आग अगदी लहान, तोंडाच्या बाहेरच. काही तास नुसती ऊब द्यायची. शंभर अंशांच्या आसपास भिंतीतला आणि लिंपणातला ओलावा वाफ होऊन निघतो. घाई केली तर तीच वाफ गोळ्या आणि भांडी फोडते. नंतर आग हळूहळू आत ढकलतात. ५७३ अंशांवर मातीतली गारगोटी एकाएकी फुगते, म्हणून तिथेही दमाने. सहाशेच्या पुढे भोकातून पाहिले तर अंधारात भांड्यांच्या कडा मंद लाल उमटू लागतात. आठशेला जास्वंदीचा लाल, हजाराला केशरी. इथवर जाडे ओंडके चालतात.

हजारानंतर लाकूड बदलते. बोटभर जाडीच्या, कडकडीत वाळलेल्या ढलप्या लागतात. सुरू, बाभूळ, सुबाभूळ, जे मिळेल ते, पण ओले नको. एका वेळी मूठभर ढलप्या तोंडात सरकवतात. टाकल्या टाकल्या तापमान खाली येते, कारण लाकडाला पेटायला उष्णता हवी असते. नवशिक्या घाबरून आणखी टाकतो आणि आग कोंडते. थांबायला हवे. धुराड्याच्या टोकावर काळा लोट उठतो, मग तो विरळ होतो, ज्वाळा आखडते, भट्टीचा घुमणारा आवाज बदलतो. तो आवाज निवळू लागला की पुढची मूठ. चांगले जळण टाकणारे डोळ्यांपेक्षा कानांनी काम करतात. पहाटे तीनच्या सुमारास दोन माणसे आळीपाळीने फक्त हेच करत असतात: टाकणे, ऐकणे, थांबणे. बोलणे आपोआप कमी होते. मध्यम भट्टीला दिवस-रात्र एक करावे लागतात. जपानी पद्धतीच्या लांब भट्ट्यांना अनेक दिवस.

मधल्या काळात काही वेळा झडप ओढून मुद्दाम हवा कमी करतात. जळणाला प्राणवायू पुरला नाही की आग तो मातीतून आणि झिलईतून ओढून घेते. झिलईतल्या तांबूस लोहातला थोडा प्राणवायू गेला की तेच लोह हिरवे-निळसर होते. सेलाडोन या हिरवट झिलईचा पानावरच्या दवासारखा रंग असाच येतो. तांब्याची झिलई याच उपासमारीत माणकासारखी लाल होते. भरपूर हवेत भाजले असते तर तीच झिलई हिरवी झाली असती. द्रव्य एकच असून श्वासाच्या फरकाने असा पालट होतो, हे दर वेळी पाहणाऱ्यालाही सवयीचे होत नाही.

बाराशेच्या पुढे सगळे पिवळट पांढरे होते. काळ्या चष्म्यातून पाहिले तर भांडे आणि हवा यांत फरक उरत नाही. फक्त वितळलेल्या झिलईवर तरळणारी चमक सांगते की तिथे एक कड आहे. भोकात हलकी फुंकर मारली की क्षणभर भांड्यांच्या आकृती दिसतात आणि पुन्हा उजेडात बुडतात. या वेळी लाकडाची बारीक राख ज्वाळेबरोबर वाहत असते. तिच्यातला चुना आणि पोटॅश तापलेल्या मातीला स्पर्श करताच तिच्यातली गारगोटी वितळवतात. भांड्याच्या आगीकडच्या अंगावर असा एकेक कण काच होत जातो.

मिठाची झिलई द्यायची असेल तर तिची वेळही हीच. जाडे मीठ कागदाच्या पुड्यांत बांधून तोंडातून टाकतात. ते तडतडते आणि पांढऱ्या वाफा उठतात. मिठातला सोडा वाफ होऊन सगळ्या खोलीभर फिरतो आणि जिथे माती भेटेल तिथे तिच्यातल्या गारगोटीशी काच बनतो. क्लोरीनचा भाग आम्लाची वाफ होऊन धुराड्यातून जातो. ती वाफ छातीला घातक, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून सगळे लांब सरकतात. मग लोखंडी सळईने नमुन्यासाठी ठेवलेले मातीचे एक कडे बाहेर ओढून पाण्यात थंड करून पाहतात. साल पुरेशी चढली नसेल तर आणखी पुड्या. तोंड झाकलेल्या बरणीच्या पोटात मात्र ही वाफ पोचत नाही, म्हणून आतली झिलई आधीच ओतून फिरवून घेतलेली असते. माळ्यावरून उतरलेली बरणी आतून गुळगुळीत आणि बाहेरून संत्र्याच्या सालीची असते ती यामुळे. तिची गडद बाजू आगीकडे होती. मधाच्या रंगाच्या बाजूला दुसरी बरणी उभी होती, आणि ती कुठल्या घरी गेली हे कोणालाच माहीत नाही.

शेवटचा शंकू वाकला की जळण थांबवायचे, तोंडे विटांनी बुजवायची, झडप लावायची, फटी लिंपायच्या. आता हातात काहीच उरत नाही. दोन-तीन दिवस भट्टी आपली आपण निवते. हा काळ रात्रीच्या जागरणापेक्षा कठीण. माणसे उगाच भट्टीजवळून जातात, भिंतीला तळहात लावून येतात. लवकर दार काढले तर गार वारा आत शिरून भांडी तडकतात. विटांमागून येणारा तो कट्कन आवाज एकदा ऐकला की जन्मभर घाई होत नाही.

दार उघडते तेव्हाही भांडी कोमट असतात. बाहेरची हवा लागताच झिलया आखडू लागतात आणि टिंग, टिंग असा बारीक नाद सुरू होतो, कधी तासभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. काही भांडी ठरवली तशी होतात. काही फळीला चिकटलेली, काहींवर कमानीचा ठिपका ओघळलेला. आणि एखादे असे निघते की त्यावरचा राखेचा ओघळ कुठल्याही कुंचल्याने काढता आला नसता. कारागीर ते उचलतो, भट्टीतली त्याची जागा आठवतो, वहीत लिहितो. पुढच्या खेपेला त्याच जागी तसलेच भांडे ठेवतो, आणि ते वेगळे निघते. लाकूड दुसरे, वारा दुसरा, पाऊस नुकता होऊन गेलेला. विजेच्या भट्टीत ही गोष्ट घडत नाही. तिथे एका बटणावर दहा भांडी सारखी होतात, आणि रोजच्या ताटवाट्यांसाठी ते चांगलेच आहे. लाकडाच्या भट्टीत भांडे कुठे उभे होते, त्याच्या शेजारी कोण होते आणि त्या रात्री हवा कशी होती, हे सगळे त्याच्या अंगावर राहते. माणसाच्या चेहऱ्याचेही वेगळे काय असते.

मुंबईत आता अशी आग पेटवणे सोपे नाही, आणि पेटवावी असा आग्रहही धरता येत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या भट्ट्या कापडाच्या चिंध्या आणि कापसाच्या कचऱ्यावर पणत्या आणि माठ भाजत आल्या. तो धूर आधी त्यांच्याच घरात शिरतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. पावाची भट्टी जिथे लाकूड सोडते तिथे झिलईच्या भट्टीने तो काळा लोट कसा मागावा? विक्रोळीच्या तिवरांना तर हात लावायचाच नाही. कायद्याने ते सुरक्षित आहेत, आणि भरतीचे पाणी अडवून खाडीकाठ तेच धरून आहेत. शहरातले कारागीर म्हणून गॅसवर किंवा विजेवर भाजतात. लाकडाची भट्टी गावाबाहेर जाते, जिथे वखारीतले किंवा छाटणीचे लाकूड मिळते आणि वाऱ्याला जायला मोकळी जागा असते. वर्षातून दोनदा-तीनदा चार माणसे जमून ती पेटवतात आणि भांडी गोणपाटात गुंडाळून शहरात परततात.

भट्टी रिकामी झाली की शेवटचे काम उरते. जळणाच्या तोंडांतली राख पत्र्याने ओढून काढतात आणि चाळतात. तिच्यातले कोळसे आणि खिळे बाजूला होतात. चाळलेली राख पाण्यात भिजत टाकतात; पाणी हाताला बुळबुळीत लागू लागते, ते जपून ओतून देतात, पुन्हा नवे पाणी. दोन-तीन पाण्यांनंतर तळाशी राखाडी साय बसते. ती फडक्यावर पसरून उन्हात वाळवतात. बाभळीची वेगळी, सुरूची वेगळी. भाताच्या तुसाची राख मिळाली तर ती आणखी वेगळी, तिच्यात गारगोटीचा अंश जास्त म्हणून तिची झिलई दुधाळ होते. बरणीवर जाडी चिकटपट्टी लावून तिच्यावर लाकडाचे नाव आणि तारीख लिहितात. वजन करून पाहिले तर गाडीभर लाकडाची राख एवढीशी. झाकण लावून ती फळीवर ठेवतात, पुढच्या भांड्यांसाठी.